डिसॲग्री

द्वारकेहून नाशिकरोडला जाणारी शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, याबद्दल नाशकात दुमत नाही. ‘भरली’ म्हणजे किती, याबद्दल मात्र आहे. कायद्याच्या हिशेबाने तिघं बसले की रिक्षा भरते. रिक्षावाल्याच्या हिशेबाने तिघं बसले की सुरुवात होते. परवा मी मागच्या सीटवर डाव्या कडेला होतो, मध्ये निफाडकडचे एक बाबा मांडीवर पिशवी घेऊन बसले होते आणि उजव्या कडेला कानात बोंडं घातलेला कॉलेजातला मुलगा. रिक्षावाला बाहेर उभा राहून ‘रोड, रोड, रोड’ असा पुकारा करत होता. परगावच्या माणसाला वाटावं, याने रस्ता विकायला काढलाय.

मुलगा फोनवर बोलत होता. पलीकडून कोणीतरी बराच वेळ काहीतरी सांगत असावं. हा ऐकून घ्यायचा आणि दर अर्ध्या मिनिटाने म्हणायचा, “नो यार. आय डिसॲग्री.” थोड्या वेळाने, “नो, नो, आय टोटली डिसॲग्री.” आवाज चढलेला नाही, कपाळावर आठी नाही. डाव्या हाताने तो गुडघ्यावर कुठल्यातरी गाण्याचा ठेका धरून होता.

बाबा माझ्याकडे झुकले. “पोऱ्या ॲग्रीला हाय का?”

आमच्या जिल्ह्यात ‘ॲग्री’ या शब्दाला एकच अर्थ आहे: बीएस्सी ॲग्री. ज्याच्या घरी द्राक्षाची बाग किंवा कांद्याची चाळ आहे, त्याचा एखादा तरी मुलगा, पुतण्या किंवा होणारा जावई ॲग्रीला असतोच.

“ॲग्री नाही बाबा, डिसॲग्री.”

“म्हंजे सोडली?”

“काय सोडली?”

“ॲग्री.”

आता आली का पंचाईत! मी त्यांना समजावलं, की शिक्षणाचा काही संबंध नाही. समोरच्याचं म्हणणं आपल्याला मान्य नसलं, की इंग्रजीत असं म्हणतात.

बाबा विचारात पडले. “म्हंजे पटत न्हाई, आसं.”

“तसंच.”

“मंग येवढ्या शांतपनी काय म्हनतोय?” बाबांनी मुलाकडे संशयाने पाहिलं. “न्हाई पटलं तं मानूस तापला पाह्यजे ना थोडातरी.”

रिक्षा काही सुटत नव्हती, त्यामुळे मला विचार करायला भरपूर वेळ होता. बाबांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. ‘डिसॲग्री’ हा शब्द आपण घेतला खरा, पण त्याच्याबरोबर जे तापमान यायला हवं होतं, ते आलंच नाही. बर्फाच्या गोळ्यावर ठेवून पाठवलेला शब्द आहे तो.

तसं पाहिलं तर बाबांचं भाषांतर कोशकारांपेक्षा चोख होतं. टीव्हीवरच्या चर्चेत पाहुणे ‘मी आपल्याशी असहमत आहे’ असं म्हणतात, पण ते मानधनासाठी. घरात, दुकानात, पारावर कोणी कधी ‘असहमत’ असल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘अहो, मी असहमत आहे, दुधी आणू नका’ असं कोणती बायको म्हणेल? ती म्हणते, ‘दुधी?’ बस. ‘डिसॲग्री’साठी अस्सल मराठी काय, तर ‘मला नाही पटत’. आणि या दोन वाक्यांतला फरक शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनीच सांगायला हवा होता. इंग्रजी माणूस ‘आय’ म्हणून पुढे येतो. असहमत होण्याचं काम तो स्वतः करतो, त्याची जबाबदारी घेतो. मराठी माणूस ‘मला’ म्हणतो. मला ताप आला, मला ठेच लागली, मला पटलं नाही. यात माझा हात कुठेच नाही. मी आपला बसलो होतो, तुमचं मत आलं, ते मला पटण्याच्या परीक्षेत नापास झालं आणि निघून गेलं. दोष गेला तर मताला जाईल, मला का?

बरं, मराठी मत डोक्यात जात नाहीच, ते सरळ पोटात जातं. एखादं म्हणणं आपल्या ‘गळी उतरत नाही’. उतरलंच, तर ‘पचनी पडत नाही’. आणि समजून घ्या म्हणून सांगायचं तर आपण म्हणतो ‘पोटात घाला’. ही निव्वळ मराठी खोड असावी असा माझा समज होता, पण इंग्रजांचंही पोट या भानगडीत आहेच. एखादा पदार्थ बाधला की इंग्रजीत तो पदार्थ माणसाशी ‘डिसॲग्री’ होतो. म्हणजे काकडीचं आणि साहेबाचं एकमत झालं नाही. हे समजल्यापासून मला नाशिकच्या मिसळीकडे बघायची नवी दृष्टी आली. रविवारी सकाळी काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर लाल तर्री, बाजूला पापड आणि दही. तोंडाशी तिचं पूर्ण एकमत असतं. आपलं वेगळं मत ती दुपारी तीनच्या सुमाराला मांडते, तेही सविस्तर.

रिक्षाबाहेर तेवढ्यात करकचून ब्रेक लागला. टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप आणि स्कूटरवरचे एक टोपीवाले काका एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबले होते. धक्का लागलेला नव्हता, फक्त संधी हुकली होती.

“दिसत नाही का?”

“तुम्हाला दिसत नाही का?”

“रस्ता काय बापाचा आहे का?”

“मग तुमच्या बापाचा आहे का?”

“घरी सांगून आलास का?”

“काका, वयाकडं बघून बोलू ना?”

मोजून सहा वाक्यं, सहाही प्रश्न, आणि एकाचंही उत्तर कोणाला नको होतं. मराठीत मतभेद विधानाने होत नाही, प्रश्नाने होतो, हे तुम्हाला द्वारकेवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळेल. ‘हे चूक आहे’ असं आपण म्हणत नाही. आपण विचारतो, ‘हे काय आहे?’ ‘मला मान्य नाही’च्या जागी ‘असं कसं?’ ‘तुम्हाला अधिकार नाही’च्या जागी ‘तुम्ही कोण?’ आणि सगळ्या प्रश्नांचा राजा, नुसताच ‘मग?’ सहावा प्रश्न झाल्यावर पिकअपवाला म्हणाला, “जाऊ द्या काका,” काका म्हणाले, “चल, निघ,” आणि दोघं आपापल्या वाटेने गेले. कोणाचं चुकलं होतं ते ठरलं नाही. ते ठरवायला कोणी थांबलंच नव्हतं.

द्वारका ही जागाच तशी आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना भेटतात, आणि पहिल्या भेटीपासून त्यांचं पटलेलं नाही. डोक्यावरून उड्डाणपूल गेला. ज्यांना खालच्या वादात पडायचं नाही ते वरून जातात. पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग केला. पायी जाणाऱ्यांना तो पटला नाही. त्यांनी अर्ज दिला नाही, मोर्चा काढला नाही, ‘डिसॲग्री’ म्हटलं नाही. ते हात दाखवत, गाड्या थांबवत, वरूनच रस्ता ओलांडत राहिले. इतका थंड डोक्याने, इतका वर्षानुवर्षं नोंदवलेला मतभेद मी दुसरा पाहिलेला नाही.

नाव तर पाहा. कृष्णाच्या द्वारकेतले यादव आपसात भांडले आणि लव्हाळ्याची मुसळं करून एकमेकांना संपवून बसले. त्यावरून मराठीला ‘यादवी’ हा शब्द मिळाला. भांडणासाठी शब्द देणारं शहर, आणि त्याचंच नाव आपण चौकाला दिलं, वर इथे शिस्तीची अपेक्षा करतो! (सिग्नलच्या खांबाला मुसळ बांधून ठेवायला हवं, निदान आठवण म्हणून.)

भांडणाच्या शब्दांची मराठीला कधीच ददात नव्हती. वाद, तंटा, कज्जा, तक्रार, हुज्जत, बखेडा, झगडा. यातले बरेच फारसीच्या वाटेने अरबीतून आले आणि इकडे येऊन बिघडले. ‘हुज्जत’ म्हणजे मुळात पुरावा. आपल्याकडे पुरावा नसलेला माणूस हुज्जत घालतो. ‘तक्रार’ म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा करणं. हा अर्थ मात्र, ज्याने कुठल्याही कार्यालयात तक्रार केली आहे त्याला, आजही लागू वाटेल. आणि ‘हरकत’ म्हणजे हालचाल. हिंदीत ती अजून हलते आहे, तिथे ‘हरकत’ म्हणजे कृत्य, बहुधा वाईट. माझ्या एका बिहारी सहकाऱ्याला नाशकात नवीन असताना कोणी ‘हरकत नाही’ म्हटलं, की समोरचा माणूस न विचारता स्वतःच्या निर्दोषपणाची ग्वाही का देतो, ते कळायचं नाही.

मराठीत हालचालीची अडचण कशी झाली ते भाषापंडित सांगतील. मला एवढं ठाऊक आहे, की सरकारी भाषेतलं ‘ना-हरकत प्रमाणपत्र’ मूळ अरबी अर्थाला जितकं प्रामाणिक आहे तितकं दुसरं काही नाही. असं एक प्रमाणपत्र मिळवायला मी एका कार्यालयात सात हेलपाटे घातले. सातही वेळा माझी फाइल त्याच टेबलावर, त्याच बाजूला, त्याच चहाच्या डागासह होती. ना हरकत, म्हणजे हालचाल नाही. प्रमाणपत्र मला पहिल्याच दिवशी मिळालं होतं, वाचता आलं नाही एवढंच.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. मतभेदाचे हे सगळे शब्द आपण वापरतो कशासाठी? मतभेद नाही हे सांगायला! ‘हरकत’ एकट्याने कधी घराबाहेर पडत नाही, तिच्यासोबत ‘नाही’ असतोच. ‘दुमत’ तर ‘नाही’शिवाय कोणी पाहिलेलंच नाही. ‘माझं यावर दुमत आहे’ असं म्हणणारा माणूस मला दाखवा, मी त्याला मिसळ देतो. आणि ‘वादच नाही’! एखाद्या टपरीचा चहा ‘वादच नाही’ असतो, द्राक्षं ‘वादच नाही’ असतात, मुलीला आलेलं स्थळ ‘वादच नाही’ असतं. (लग्नानंतर हे विधान मागे घ्यावं लागतं.) एवढी शस्त्रं जमवायची आणि प्रत्येकाला ‘नाही’ची म्यान घालून भिंतीवर टांगायची, ही आपली रीत. २००७ सालच्या १५ ऑगस्टला राज्य सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा भाषा आधीच तंटामुक्त होती. तंटे गावात होते. ते मिटवायला समिती नेमायची, आणि समितीचा अध्यक्ष कोण यावर पहिली हुज्जत.

आपल्या पूर्वजांनी याची वर्गवारीही करून ठेवली आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादविवादाच्या तीन जाती आहेत. खरं काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकायचं म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच म्हणणं नसताना समोरच्याचं नुसतं खोडायचं, ती वितंडा. यातला जल्प हा शब्द मराठी बोलीतून गेला, वाद गुळगुळीत झाला, वितंडवाद तेवढा अजून धडधाकट आहे. जी गोष्ट रोज लागते तिचा शब्द टिकतो.

मला लहानपणी तिन्ही निषिद्ध होते. वडिलांना काही पटलं नाही असं सांगायची सोयच नव्हती, त्याला ‘उलट उत्तर’ म्हणत. उलट उत्तराची शिक्षा सरळ असायची. परवा माझी नऊ वर्षांची पुतणी जेवताना तिच्या आजोबांना, म्हणजे त्याच माझ्या वडिलांना, म्हणाली, “आबा, आय डिसॲग्री. भेंडी इज नॉट गुड फॉर एव्हरीवन.” मी घास हातात धरून थांबलो. वडिलांचा हात वर गेला, आणि तिच्या पाठीवर शाबासकी देऊन खाली आला. “बघा, काय इंग्रजी बोलते पोरगी!” मराठीत जे उलट उत्तर, ते इंग्रजीत प्रगतिपुस्तक. मी चाळीस वर्षं उशिरा जन्माला यायला हवं होतं, किंवा निदान भेंडीबद्दलचं माझं मत इंग्रजीत मांडायला हवं होतं.

या उत्साहात मी एक चूक केली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत इमारतीला पिस्ता रंग द्यायचा ठराव आला. सूचक होते, अनुमोदक होते, रंगाचा डबाही बहुतेक येऊन पडला होता. मी उठलो आणि चिटणिसांना म्हणालो, “माझा डिसेंट नोंदवा.” शासकीय मराठीत याला भिन्नमतपत्रिका म्हणतात हे मला माहीत होतं, पण तो शब्द उच्चारेपर्यंत सभा संपली असती. चिटणिसांनी मान डोलावली, लिहून घेतलं, मी खाली बसलो. लोकशाहीतलं आपलं काम केल्यावर जसं बसतात तसा. पंधरा दिवसांनी इतिवृत्त आलं. त्यात लिहिलं होतं: ‘श्री. अमुक यांनी डिसेंट मत मांडले. ठराव सर्वानुमते मंजूर.’

देवनागरीत सभ्य ‘डिसेंट’ आणि विरोधी ‘डिसेंट’ एकाच खोलीत राहतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी चिटणिसांकडे गेलो. ते म्हणाले, “अहो, कौतुकच केलंय तुमचं.” इमारत आता पिस्ता आहे. लोक पत्ता विचारतात तेव्हा ती खूण सोयीची पडते, हे मला मान्य करावं लागतं.

वेगळं मत असूनही शेजारी राहायचं कसं, यासाठी इंग्रजीत एक तोडगा आहे: मतभेद आहे यावर एकमत करायचं. जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने १७७० साली आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या निधनानंतरच्या प्रवचनात तो शब्दप्रयोग वापरला होता. दोघांचं काही धर्मतत्त्वांवर पटलं नव्हतं. पण हा तोडगा नाशिककरांना शिकवायला वेस्लीसाहेबाने येण्याची गरज नाही. सिंहस्थात आधी स्नान कोणाचं, यावरून शैव आणि वैष्णव आखाड्यांचा पेशवाईत तंटा झाला, आणि त्यातून जी वाटणी झाली ती आजतागायत चालू आहे: वैष्णवांनी नाशकात रामकुंडावर, शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात. नदी एकच, गोदावरी. पुण्य तेच. मध्ये तीसेक किलोमीटर अंतर ठेवलं की झालं. २०१५ साली असंच झालं, २०२७ सालीही असंच होईल, आणि दोन्हीकडची गर्दी द्वारकेवर येऊन पुन्हा एकत्र अडकेल.

आणि सगळंच काही वाटणी करून मिटवण्यासारखं नसतं. द्वारकेहून कन्नमवार पूल ओलांडला की पंचवटी. तिथे काळाराम मंदिराच्या दारांशी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. दारं उघडली नाहीत. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ‘मला पटत नाही’ हे वाक्य ‘मला’ सोडून ‘मी’ने सुरू केलं तर ते किती लांब जातं, ते तिथे दिसलं. यावर विनोद करायची माझी छाती नाही, आणि इच्छाही नाही.

“बसा बसा, पुढं बसा!” रिक्षावाल्याला अखेर चौथं गिऱ्हाईक सापडलं होतं. त्याला त्याने स्वतःच्या सीटवर अर्धं बसवलं, स्वतः उरलेल्या अर्ध्यावर बसला आणि आम्ही निघालो. मुलाने फोन खिशात ठेवला होता. पलीकडच्याचं आणि याचं काय ठरलं कोणास ठाऊक, पण चेहऱ्यावरून काहीच ओळखू येत नव्हतं, जणू हवामानाबद्दल बोलून झालं होतं. बाबा मात्र ओठातल्या ओठात काहीतरी घोळवत होते. गांधीनगर गेलं, उपनगर गेलं.

दत्तमंदिराच्या सिग्नलला रिक्षावाल्याने मान मागे वळवली. “पिशवीचे पाच रुपये जास्त होतील बाबा. जागा खाल्ली तिनं.”

बाबांनी पिशवी छातीशी घट्ट धरली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग आवाज अजिबात न चढवता, अगदी शांतपणे म्हणाले, “डिसॲग्री.”

रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

“तिकडं नाही जात आपली गाडी,” तो म्हणाला. “बिटकोला उतरा, तिथून दुसरी मिळेल.”